वादी स्वतः हजर

आता काय सांगू तुम्हाला, नोकरीत चुका सगळेच करतात. कोणी फाईल हरवतो, कोणी भलत्याच कागदावर शिक्का मारतो. मी मेलेल्या माणसाला कोर्टात हजर केलं. तेही सरकारी शाईत, माझ्या सुंदर अक्षरात आणि खाली साहेबांच्या सहीनिशी! हसू नका, चहा सांडेल. आधी ऐकून घ्या, मग हवं तेवढं हसा.

आणीबाणी उठून एखाद-दोन वर्षं झाली होती. मी पास्कू, वसईजवळच्या होळीचा. सण नव्हे, गाव. आमच्या घरात सगळे भाजी पिकवणारे. पहाटे उठून वांगी-मेथी बाजारात न्यायची आणि दुपारी परत येऊन पाणी शिंपायचं, हा आमचा पिढीजात अभ्यासक्रम. त्यातून मी मॅट्रिक झालो, मराठी टायपिंगची परीक्षा पास झालो, इंग्रजीचीही झालो, आणि ठाण्याला लेखी परीक्षा देऊन तालुक्याच्या कोर्टात कारकून म्हणून चिकटलो.

आणि त्यात माझ्या अक्षराचा हात मोठा होता. मुलाखतीत एका साहेबांनी एक जुना, फाटका दस्त पुढ्यात टाकला आणि स्वच्छ उतरवून काढायला सांगितलं. मी असा काही उतरवला की त्यांनी शेजारच्या साहेबांना दाखवला. त्या दिवसापासून माझी ठाम समजूत झाली की कारकुनाची खरी पात्रता एकच, अक्षर. बाकी सगळं पट्टेवाल्यालाही जमतं.

आता कोर्टातल्या कारकुनाचं काम काय असतं हे तुम्हाला ठाऊक नसेल. लोकांना वाटतं, साहेबांच्या खाली बसायचं आणि पक्षकारांवर डोळे वटारायचे. तेही असतं. पण मुख्य काम रोजनाम्याचं. प्रत्येक दाव्याच्या फाईलला एक कागद असतो. त्या तारखेला कोण आलं, कोण नाही आलं, काय झालं, पुढची तारीख कोणती, हे त्यावर थोडक्यात लिहायचं. साहेब सही करतात. एकदा सही झाली की जे लिहिलं तेच घडलं. उद्या माणूस छाती पिटून सांगू लागला तरी कोर्ट आधी रोजनामा बघतं.

केवढी ही सत्ता! आणि ती दिली होती चोवीस वर्षांच्या पोराला, ज्याला घरी भाजीची जुडी बांधतानाही बाप विश्वासात घेत नव्हता. पक्षकार मला भाऊसाहेब म्हणायचे. माझ्या बापाच्या वयाची माणसं, हात जोडून. मी मान न उचलताच ‘हं’ करायचो.

आमचे शिरस्तेदार, म्हणजे आम्हा सगळ्या कारकुनांचे वरिष्ठ, जोशी नावाचे होते. बारीक अंगाचे, हळू बोलणारे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात मला एक गोष्ट बजावली होती. रोजनामा घडल्यावर लिहायचा, आधी नाही. पुकारा झाला, माणूस उभा राहिला, त्याच्याकडे बघितलं, मग लेखणी उचलायची. मला वाटलं, म्हातारा संथ आहे, म्हणून असं सांगतो.

कारण बहुतेक दाव्यांत वर्षानुवर्षं काही घडतच नाही हो! तेच वादी, तेच प्रतिवादी, तीच पुढची तारीख. मग मी युक्ती काढली. आदल्या दिवशी संध्याकाळी दुसऱ्या दिवशीच्या फाईली काढायच्या, मागच्या तारखेला काय लिहिलंय ते बघायचं आणि तेच निवांतपणे, झोकदार अक्षरात लिहून ठेवायचं. सकाळी कोर्टात फक्त तारीख भरायची. काही वेगळं झालंच तर बदलू. तीन वर्षांत बदलायची वेळ दोन-तीनदाच आली असेल. साहेब माझं काम वेळेवर होतं म्हणून खूश, आणि मी तर स्वतःवर फारच खूश.

त्या फाईलींत आगाशीची एक फाईल होती. दामूभाऊ नावाचे एक बागायतदार, आणि त्यांचा चुलतभाऊ वसंत. वाडी आजोबांच्या वेळची, वाटणी झालेली, पण विहीर वसंताच्या हिश्शात गेली. दामूभाऊंच्या केळींना पाणी त्याच विहिरीचं. तिथं जायची वाट वसंताने एके दिवशी काटेरी कुंपण घालून बंद केली. कारण काय, तर कोणाच्या तरी लग्नात मानपान चुकला. सहा वर्षं दावा चालला होता. वाट बंद, त्यामुळे दामूभाऊंच्या घरातली बाईमाणसं लांबच्या वळणाने पाणी आणत होती आणि अर्धी बाग सुकली होती.

आणि प्रत्येक तारखेला, न चुकता, मी लिहायचो : वादी स्वतः हजर. प्रतिवादी गैरहजर. वसंत कधी यायचाच नाही, आणि दामूभाऊ कधी चुकायचे नाहीत. वकील उभे राहून ‘वादी हजर आहे साहेब’ म्हणायचे आणि माझ्या कागदावर ते आधीच लिहिलेलं असायचं. काय समाधान वाटायचं म्हणून सांगू!

एकदा असं झालं की महिन्याच्या नऊ तारखेला साहेब अचानक रजेवर गेले. साहेब नसले की पुकारा नसतो. कारकून टेबलावरच पुढच्या तारखा देतो, लोक त्या लिहून घेतात आणि बस पकडतात. मी आदल्या संध्याकाळीच सगळे रोजनामे लिहून ठेवले होते. वर नुसतं ‘न्यायाधीश रजेवर’ एवढं घातलं आणि तारखा भरून मोकळा झालो. साहेब परत आल्यावर गठ्ठाच्या गठ्ठा सहीला ठेवला, त्यांनी सह्या केल्या.

दोन महिन्यांनी दामूभाऊंच्या वकिलांनी अर्ज टाकला. वादी मयत झाले आहेत, त्यांच्या पत्नीचं नाव वारस म्हणून लावावं. सोबत ग्रामपंचायतीचा मृत्यूचा दाखला. मी तो फाईलीला लावायला घेतला, आणि माझं लक्ष दाखल्यावरच्या तारखेकडे गेलं.

चार तारीख. दामूभाऊ त्याच महिन्याच्या चार तारखेला गेले होते. आणि नऊ तारखेला माझ्या रोजनाम्यात ते स्वतः हजर होते. पाच दिवसांनी! स्वतः!

मी दाखला पटकन फाईलीखाली सरकवला. कारण अजून मी तात्पुरताच होतो. नोकरीत कायम करायचे कागद पुढच्या महिन्यात ठाण्याला जायचे होते आणि साहेबांचा शेरा त्यावर हवा होता. घरी बाबांनी सगळ्या गावाला सांगून ठेवलं होतं, पोरगा कायम होतोय म्हणून. खोटी नोंद केली असं कळलं तर कायम सोडा, दुसऱ्या दिवशी मी पुन्हा वांग्याच्या वाफ्यात.

मी ड्रॉवरमधून ब्लेड काढलं. ‘हजर’च्या आधी एक ‘गैर’ बसतो का, की सगळी ओळच हलकेच खरवडावी, असा विचार चालला होता. तेवढ्यात मागून शिरस्तेदारांचा हात खांद्यावर आला. ते म्हणाले, “ब्लेड ठेव पास्कू. चूक केलीस तिची माफी मिळेल. ह्याची नाही मिळायची.”

त्यांनी सरळ सांगितलं की आजच साहेबांकडे जा आणि खरं काय ते सांग. मी हो म्हटलं. आणि गेलो नाही. म्हटलं, एवढ्या जाड फाईलीत कोण बघतंय? कायम होऊ दे, मग सांगू. खरं सांगतो, तेव्हा मला त्या मेलेल्या माणसाबद्दल काहीही वाटलं नव्हतं. मला फक्त माझं वाटत होतं.

पण बघणारं माणूस होतं. चार-सहा दिवसांनी मधल्या सुट्टीत माझ्या टेबलापाशी एक बाई येऊन उभ्या राहिल्या. साठीच्या असतील. कपाळ मोकळं, हातात कापडी पिशवी. आगाशीहून आले म्हणाल्या, दामूभाऊंची बायको.

मी अगदी सौजन्याचा पुतळा झालो. खुर्ची दिली. बिचाऱ्या खेड्यातल्या बाईला कोर्टाचं काय ठाऊक, म्हणून मी त्यांना सगळं समजावून सांगितलं. साहेब कुठे बसतात, वकील कुठे, पक्षकारांचे बाक कोणते, पुकारा झाला की कसं उठायचं. त्या सगळं शांतपणे ऐकत होत्या, मधूनमधून मान हलवत होत्या. मला वाटलं, काय समंजस बाई आहे.

मग त्यांनी पिशवीतून रोजनाम्याची नक्कल काढली. वकिलांनी अर्जासाठी मागवलेली, न वाचताच यांच्याकडे दिलेली. त्यांनी नऊ तारखेवर बोट ठेवलं. त्यांच्या घरची बोली गोड, मला ती लिहिता येत नाही, मी माझ्या मराठीत सांगतो.

“भाऊसाहेब, हे नऊ तारखेला आले होते?”

आता यावर माणसाने काय बोलावं? मी म्हटलं, लिहिलंय म्हणजे आले असणार.

“तुम्ही पाहिलंत?”

डोळ्यांसमोर ठाण्याला जाणारे कागद आले. म्हटलं, “हो.”

“कसे होते?”

“बरे होते.”

बरे होते! तारखेच्या पाच दिवस आधी जाळलेल्या माणसाबद्दल मी त्याच्या बायकोला सांगतोय, बरे होते! पण एकदा घसरलेलं माणूस मध्येच थांबत नाही. त्यांनी विचारलं, डोक्यावर काय होतं. मी विचार केला, आगाशीचा म्हातारा, डोक्यावर दुसरं काय असणार? म्हटलं, टोपी, पांढरी.

त्या माझ्याकडे बघत राहिल्या. मग म्हणाल्या, “जन्मात कधी टोपी घातली नाही त्यांनी.”

त्यांनी नक्कल घडी करून पिशवीत ठेवली, पदर सारखा केला आणि उठताना म्हणाल्या, “लांबच्या प्रवासाला निघालेलं माणूस. घातली असेल.” आणि गेल्या.

त्यांनी कोणाला काही सांगितलं नाही हं. फक्त शेजारणीला नक्कल दाखवली. पुढचं शेजारणीने केलं. दोन दिवसांत अख्ख्या आगाशीत झालं, दामूभाऊ वारल्यावरही तारखेला गेले होते. दहाव्याला पिंडाला कावळा पान वाढताक्षणी शिवला होता म्हणे. तेव्हा सगळ्यांना नवल वाटलं होतं, आता कारण कळलं. शिवेल नाही तर काय? तारीख पार पडली होती ना चार दिवस आधीच!

मग कोर्टात गंमत सुरू झाली. लोक माझ्या टेबलापाशी येऊन बाकांकडे बोट करून दबक्या आवाजात विचारायचे, कुठल्या बाकावर बसले होते? एका पक्षकाराची तारीख अमावस्येला पडली, तर त्याने बदलून मागितली. पट्टेवाला संध्याकाळी एकटा दालन बंद करेना.

आणि घरी तर विचारू नका. बाबा बाजारातून छाती फुगवून आले. आगाशीच्या बागायतदारांनी त्यांना बसायला जागा दिली होती, पोराला मेलेली माणसं दिसतात म्हणून. आईला काही हे आवडलं नाही. तिने चर्चमध्ये माझ्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थना, सांगितली आणि तिथूनच बाटलीभर आशीर्वादित पाणी आणून माझ्या डब्याच्या पिशवीत ठेवलं, टेबलावर शिंपडायला. मी तिलाही खरं सांगितलं नाही. रोज ती बाटली कोर्टात जायची आणि रोज भरलेलीच परत यायची.

रात्री झोप लागेना. मला सारखी ती बाई दिसायची. नवऱ्याचा निरोप म्हणून माझं खोटं पिशवीत घालून हिंडतेय, असं वाटायचं. नोकरी जाईल याची भीती होतीच, पण आता त्याहून वाईट काहीतरी आत टोचत होतं. मी शिरस्तेदारांना टाळू लागलो. तेही काही बोलत नव्हते.

पुढची तारीख आली. पुकारा झाला, आणि सहा वर्षांत पहिल्यांदा वसंत हजर झाला. धिप्पाड माणूस, पण चेहरा पार उतरलेला. आपल्या वकिलाला बाजूला सारून हात जोडून म्हणाला, साहेब, मला वाट मोकळी करून द्यायची आहे, आजच लिहून घ्या.

साहेब चकित झाले. सहा वर्षं नाही म्हणालात, आज काय झालं, असं त्यांनी विचारलं. वसंत म्हणाला, “तो अजून येतो साहेब. इथं येतो, तिथं विहिरीवर येतो. मी पाहिलाय.”

साहेबांनी फाईल उघडली. दाखला बघितला, रोजनामा बघितला, पुन्हा दाखला बघितला. मग चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

आता मला सांगा, मी काय करायला हवं होतं? गप्प बसलो तर एका बाईला सहा वर्षांनी पाण्याची वाट मिळत होती. बोललो तर वसंत उलटला असता आणि माझीही गच्छंती. सगळे फायदे गप्प बसण्यात होते. पण माझ्या खोट्यावर कोणी घाबरून सही करतोय, हे मला बघवेना. समोर दामूभाऊंच्या पत्नी, त्या काकू, उभ्या होत्या. मी उठलो.

म्हटलं, “साहेब, कोणी आलं नव्हतं. मी आदल्या दिवशीच लिहून ठेवलं होतं. मी काही पाहिलेलं नाही.”

साहेबांनी वसंताला विचारलं, ऐकलंत ना? आता तुमचं काय म्हणणं?

वसंताने माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. म्हणाला, भाऊसाहेब भ्यायलेत, त्यांची काही चूक नाही, आम्हीही भ्यायलोय. घ्या! तीन वर्षांत पहिल्यांदा मी कोर्टात खरं बोललो, आणि माझ्यावर कोणाचा विश्वासच नाही.

साहेबांनी मात्र पेन खाली ठेवलं. म्हणाले, भूत येतं की नाही हे ठरवायला हे कोर्ट बसलेलं नाही. एकच सांगा, वाट कोणाची?

वसंताने जोडलेले हात खाली सोडले. मग म्हणाला, “त्यांचीच होती साहेब. पहिल्यापासून. मला ठाऊक होतं.” आणि तो एवढा मोठा माणूस तिथेच, सगळ्यांदेखत, डोळे पुसायला लागला.

तडजोड तिथल्या तिथे लिहिली गेली. साहेबांनी ती मला लिहू दिली नाही, शिरस्तेदारांना बसवलं. माझा लेखी खुलासा मागवला. कायम होणं एक वर्ष लांबलं, आणि ते एक वर्षावर निभावलं ते शिरस्तेदारांनी माझ्या बाजूने चार शब्द टाकले म्हणून. बाबा आठवडाभर बाजाराला गेले नाहीत, आईला पाठवत होते.

पण खरी शिक्षा त्याच दिवशी झाली. काकू व्हरांड्यात बसची वेळ होईपर्यंत बसल्या होत्या. मी जाऊन पुढ्यात उभा राहिलो. म्हटलं, काकू, मी तुमच्याशी खोटं बोललो. तुम्हाला आशा लावली. तुम्ही ते खरं धरून बसलात, मला माफ करा. माझे डोळे भरून आले होते, खोटं सांगत नाही.

त्यांनी मला शेजारी बसायला सांगितलं. आणि पहिल्यांदाच भाऊसाहेब सोडून अरे-तुरेवर आल्या.

“कोण धरून बसलं होतं? अरे, दोन वर्षं त्यांच्याने घराचा उंबरा ओलांडवत नव्हता, गुडघे गेले होते. दर तारखेला मीच येत होते. वकील हजर म्हणाले की मी उठून उभी राहायचे, तुझ्यासमोर, पहिल्या बाकापाशी. आणि तू खाली मान घालून लिहायचास, वादी स्वतः हजर.”

मी त्यांना समजावून सांगितलेलं अख्खं कोर्ट माझ्या डोक्यात गरगर फिरायला लागलं.

बस आली. काकू उठल्या, पिशवी खांद्याला लावली. “म्हणून म्हटलं,” त्या अगदी सहज म्हणाल्या, “ज्याला समोर उभी असलेली जिवंत बाई दोन वर्षं दिसली नाही, त्याला मेलेला माणूस दिसला तर त्यात नवल काय?”